फ्रिजवरचा लाल ठिपका



टेक्सासात लेकीकडे येऊन तीन महिने होत आले आणि इतक्या दिवसांत इथे एक ओळही लिहिली नाही. धाकट्या बहिणीने सांगलीहून दोनदा विचारलं, "ताई, बरी आहेस ना?" बरी आहे गं. ह्यूस्टनच्या या उपनगरातल्या खारींवर लिहायचं मनात होतं, कुंडीत हट्टाने जगवलेल्या कढीपत्त्यावर लिहायचं होतं. पण दिवाळीच्या फराळाला ऐकलेलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. ते बाहेर काढल्याशिवाय खारी काही सुचणार नाहीत.

वाक्य असं : "लेसर लावून घ्या हो, मग नेम शिकावाच लागत नाही!"

म्हणणारे गृहस्थ पन्नाशीचे, इथे पंचवीस वर्षं काढलेले, मोठ्या पगाराचे. हातात चकली. विषय पिस्तुलाचा. (आपल्याकडे फराळाला जागांचे भाव आणि गुडघे, इथे मुलांच्या शाळा आणि पिस्तुलं.) झालंय असं की उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत दोन भारतीय घरं फुटली. भारतीयांच्या कपाटात सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक झालेलं आहे. तेव्हापासून ओळखीच्या चार-पाच मराठी घरांत पिस्तुलं आली. खिशात मावतील अशी छोटी, आणि त्यांना जोडलेलं लेसर. त्या गृहस्थांनी मग बायकांकडे वळून सांगितलं, "वहिनी, तुमच्यासाठी तर हेच उत्तम. ठिपका दिसला की दाबायचं!" सगळे हसले. माझ्या जावयांनी मान डोलावली.

ती मान डोलावणं मला लागलं. का लागलं ते पुढे येईल. जावयांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. ते म्हणाले, "आई, लिहा, पण माझी बाजूही लिहा." लिहिते.

"या म्हातारीला पिस्तुलातलं काय कळतं" असं कुणी म्हणण्याआधी सांगून टाकते. बीए मराठी घेऊन केलं असलं, तरी कॉलेजात असताना एनसीसीत होते. पॉइंट टू-टूची रायफल पालथं पडून चालवलेली आहे. पाच गोळ्या मिळायच्या. त्या पाच गोळ्यांसाठी आमच्या हवालदारांनी तीन आठवडे नुसता श्वास शिकवला होता. आणि पुढे शाळेत भूमितीचे सर सोडून गेले तेव्हा दोन वर्षं सातवी-आठवीची भूमितीही माझ्याच गळ्यात पडली होती. या दोन शिदोऱ्या आज उपयोगी पडताहेत.

आता ही वस्तू काय आहे ते. फळ्यावर दाखवायला व्याख्याते वापरतात ती लाल किरणाची कांडी आठवा. तीच, फक्त पिस्तुलाला जखडलेली. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून काढला. १९८४ च्या 'टर्मिनेटर' सिनेमात त्या यंत्रमानवाच्या पिस्तुलावर लेसर दिसतं, त्याची बॅटरी इतकी मोठी होती की नटाच्या कपड्यांत लपवावी लागली. आज ती नाण्याएवढी झाली आहे. ऑरेगन राज्यात १९९४ मध्ये सुरू झालेल्या क्रिमझन ट्रेस कंपनीचं नाव पिस्तुलाच्या मुठीतच बसणाऱ्या लेसरमुळे झालं. मूठ आवळली की किरण चालू. जावयांचं लेसर याच जातीचं, मुठीतलं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती वस्तू मूर्खपणाची नाही. छोट्या पिस्तुलाची नळी जेमतेम सात सेंटिमीटरची. नेम धरायला नळीच्या टोकावर एक बारीकसा उंचवटा आणि मागे एक खाच. ती दोन्ही एका रेषेत आणायची आणि पलीकडे लक्ष्य बघायचं. दोन्ही इतकी जवळ जवळ, की थोडासा फरक पडला तरी दहा पावलांवर गोळी बरीच सरकते. शिवाय चाळिशी लागलेल्या डोळ्याला जवळचा उंचवटा आणि लांबचं लक्ष्य एकाच वेळी स्वच्छ दिसतच नाही. माझ्या वयाचं तर बोलूच नका. लेसरमुळे ही अडचण सुटते. समोर बघायचं, ठिपका जिथे तिथे गोळी. ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याचा खांदा वर उचलत नाही, त्याला हे वरदान वाटलं तर मी नावं ठेवणार नाही. ही झाली जावयांची बाजू, आणि ती खरी आहे.

पण "नेम शिकावाच लागत नाही"?

मी हट्ट करून एका शनिवारी जावयांबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेले. (लेक दोन दिवस बोलत नव्हती.) सात यार्डांवर कागद. जावयांनी पिस्तूल धरलं आणि कागदावर ठिपका आला. आला म्हणजे काय, नाचू लागला! डास बसावा तसा, इकडून तिकडे. हात सगळ्यांचाच हलतो, लेसर नसलं की तो दिसत नाही एवढंच. आता नवख्या माणसाचं काय होतं बघा. तो ठिपक्याकडे टक लावून बसतो, आणि ठिपका मधोमध आला रे आला की "आत्ता!" म्हणून चाप खेचतो. छोट्या पिस्तुलांचा चाप पुष्कळदा लांब आणि जड असतो, बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते आणि नळी खाली झुकते. ठिपका मध्ये होता, भोक खाली पडलं. सहापैकी चार भोकं खाली. आमच्या हवालदारांनी याच गोष्टीसाठी तीन आठवडे घेतले होते. चाप दाबायचा असतो, ओढायचा नसतो. हे लेसर शिकवत नाही. चुकलं हे मात्र इमानदारीने दाखवतं. सरावासाठी म्हणून वापरलं तर फार चांगला मास्तर आहे तो, पण मास्तर आणला म्हणजे अभ्यास झाला असं आमच्या शाळेत तरी नव्हतं.

दुपारचं ऊन वर आलं तसा कागदावरचा ठिपका दिसेनासाच झाला. बाजारात मिळणाऱ्या या लेसरांची ताकद साधारण पाच मिलिवॉटच्या आत ठेवलेली असते, टेक्सासच्या उन्हापुढे तिचं काय चालणार. हिरवा किरण बरा, कारण आपल्या डोळ्याला हिरवा रंग लालपेक्षा जास्त झगझगीत भासतो. पण ठिपका दिसला नाही की माणूस काय करतो? ठिपका शोधतो. भरलेलं पिस्तूल हातात घेऊन, नळी इकडेतिकडे फिरवत. मी मुकाट्याने चार पावलं मागे सरकले.

भूमितीचं राहिलंच. लेसर नळीच्या आत नसतं, खाली किंवा बाजूला असतं. समजा ते अडीच सेंटिमीटर खाली आहे आणि सात मीटरवर दोन्ही रेषा मिळतील असं जुळवलं. मग चौदा मीटरवर ठिपका गोळीच्या अडीच सेंटिमीटर वर जाणार. सारखे त्रिकोण, आठवीचा धडा. फराळाला त्या गृहस्थांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, "असं काही नसतं काकू." असतं. घरातल्या घरात एवढ्याने काही बिघडत नाही हेही मीच सांगते. पण ज्याला आपल्या हातातलं यंत्र कसं चालतं ठाऊक नाही त्याने दुसऱ्यांना "दाबायचं" म्हणून सांगू नये.

असो. आता फ्रिजची गोष्ट.

इथे आल्यावर पहिला आठवडा माझी झोप पार उलटी झाली होती. पहाटे तीनला टक्क जाग. कुणाला उठवायचं नाही म्हणून मी अनवाणी, अंधारात, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जायची. चौथ्या की पाचव्या रात्री चहाचं आधण ठेवावं म्हणून पातेलं काढताना झाकण पडलं. खाली फरशी. आवाज बऱ्यापैकी झाला. मी तशीच उभी राहिले, कुणी जागं झालं की काय म्हणून. आणि मला फ्रिजवर एक लाल ठिपका दिसला.

मला वाटलं फ्रिजचाच दिवा आहे. इथल्या प्रत्येक यंत्राला कुठे ना कुठे दिवा असतो. मग तो हलला. फ्रिजच्या दारावरून कडेला, तिथून भिंतीवर, परत फ्रिजवर. मी फ्रिजपासून दोन हातांवर होते. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं म्हणाल तर काहीच नाही. काजव्याकडे बघावं तशी मी बघत होते. मग मला खोकला आला. थंडीत येतो तो नेहमीचा.

"आई?"

दिवा लागला. दारात जावई. हात खाली गेलेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग ते म्हणाले, "चहा मीच करतो." त्यांच्या हाताने कपात साखर पडेना, बशीत पडत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितलं तीच त्यांची दुसरी बाजू. "आई, लेसर होतं म्हणून मला ठिपका कुठे आहे ते दिसत होतं. तो तुमच्यावर नव्हता. लेसर नसतं तर नळी कुठे आहे हेच कळलं नसतं." आणि दिवाळीला त्यांनी मान डोलावली ती याच हिशेबाने. त्यांच्या मनात त्या रात्री लेसरने मला वाचवलं.

जावईबापू, तुमच्यावर माझा जीव आहे म्हणून सांगते. त्या रात्री मला खोकल्याने वाचवलं.

ठिपका गोळी कुठे जाईल ते सांगतो. तिथे कोण उभं आहे ते सांगत नाही. अंधारात ठिपका पडला तर त्या ठिपक्याएवढाच उजेड पडतो, त्यात चोराचं तोंड दिसत नाही आणि सासूचंही दिसत नाही. उलट माणसाचं सगळं लक्ष त्या एका थेंबाला चिकटतं. इथल्या पिस्तूलवाल्यांमध्ये जेफ कूपर यांचे चार नियम आपल्याकडच्या पाढ्यांसारखे पाठ असतात. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजा. जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. आणि लक्ष्य कोण आहे, त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. हे मी बाहेरून आणलेलं नाही, त्यांच्याच घरातलं आहे. यातला चौथा नियम लेसर पाळू शकत नाही, आणि दुसरा मोडला गेला याचा पुरावा मात्र ते फ्रिजवर लालीने लिहून गेलं.

आणि "मागे काय आहे" हे तर कुणी मनावरच घेत नाही. इथली घरं विटांची दिसतात, पण आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच जाडीचे जिप्समचे पत्रे. खिळा ठोकायला गेलं तर हात आत जाईल. पिस्तुलाची गोळी अशा भिंतीतून सहज पलीकडे जाते. ठिपका भिंतीवर थांबतो हो, गोळी थांबत नाही! फ्रिजच्या कडेची ती भिंत, तिच्या पलीकडे माझा नातू झोपतो. तो अकरा वर्षांचा आहे. पलंगाचं उशाकडचं टोक त्याच भिंतीला आहे. मी दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मोजलं. ठिपका जिथे हलत होता तिथून उशी साडेतीन फूट.

हे मी जावयांना त्या दिवशी सांगितलं नाही. आज इथे सांगते आहे.

ते म्हणतील, वेळ कुठे असतो? बरोबर. डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकांचा १९८३ सालचा एक लेख इथे सगळे तोंडपाठ सांगतात : चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट दीड सेकंदात पार करतो. जावयांच्या झोपायच्या खोलीच्या दारापासून आमचं स्वयंपाकघर साधारण तेवढंच. पण दीड सेकंदात "कोण आहे?" हे दोन शब्द म्हणून होतात. मी घड्याळ लावून बघितलं आहे. मराठीत तर फारच लवकर होतात. दिव्याच्या बटनाला त्याहून कमी लागतं.

एक जुनी घटना सांगते, कारण ती या राज्याच्या शेजारीच, लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये घडली. १७ ऑक्टोबर १९९२. योशिहिरो हात्तोरी हा नागोयाचा सोळा वर्षांचा मुलगा शिकायला म्हणून इथे एका कुटुंबात राहत होता. हॅलोविनच्या पार्टीला त्या घरच्या मुलाबरोबर निघाला, अंगात जॉन ट्रॅव्होल्टासारखा पांढरा सूट. घर चुकलं. बेल वाजवली. बाईने दार उघडलं, घाबरून लावून घेतलं आणि नवऱ्याला पिस्तूल आणायला सांगितलं. मुलं परत गाडीकडे निघाली होती. नवरा दार उघडून आला, तसा योशिहिरो हसत पुढे आला, आम्ही पार्टीला आलोय म्हणाला. "फ्रीज!" असा हुकूम झाला. तो थांबला नाही. काही फुटांवरून एकच गोळी, छातीत. पोरगं रुग्णवाहिकेत गेलं.

त्या माणसाच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं.

नेम चुकला नाही. फराळाच्या त्या गृहस्थांच्या भाषेत सांगायचं तर सगळं व्यवस्थित झालं. १९९३ च्या मे महिन्यात ज्युरीने त्या माणसाला निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी दिवाणी दाव्यात साडेसहा लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायचा हुकूम झाला. योशिहिरोच्या आईवडिलांनी जपानात सतरा लाख सह्या गोळा केल्या, नोव्हेंबर १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. मला त्या आईवडिलांपेक्षा कधी कधी त्या बाईचाच विचार जास्त येतो, जिने दार लावून घेतलं. तिने एकदा, एकच, प्रश्न विचारला असता तर...

आपल्या भाषेत 'नेम' हा शब्द मोठा शहाणा आहे. नेम म्हणजे लक्ष्यावर धरलेली नजर, आणि नेम म्हणजे नियमही, नेमधर्मातला. "त्याचा काही नेम नाही" म्हणजे हा माणूस भरवशाचा नाही. फराळाला "नेम शिकावा लागत नाही" हे ऐकताना मला ते तिन्ही अर्थांनी ऐकू आलं. (मराठीच्या बाईंची सवय, माफ करा.)

अजून एक मुद्दा हिरिरीने मांडला जातो. लाल ठिपका छातीवर बघून चोर पळून जातो, गोळी झाडावीच लागत नाही म्हणे. सिनेमात पळतो. मी स्वतः ठिपका बघितलेली बाई आहे आणि मला तो फ्रिजचा दिवा वाटला! स्वतःच्या छातीकडे मान खाली घालून बघायला चोराला काय सवड असते? आणि ज्याला घाबरवायचंय त्याला आधी आपण आहोत हे कळायला हवं, त्याला आवाज लागतो.

मागच्या गल्लीतल्या त्या दोन घरांचं सांगायचं राहिलं. दोन्ही घरं फुटली तेव्हा घरात कुणी नव्हतं. एक कुटुंब लग्नाला गेलं होतं, दुसरं ऑफिसात. लेसर असतं तर तेही चोरांनी नेलं असतं, सोन्याबरोबर. मग मी लेकीला म्हटलं, बाई गं, माझ्या पाटल्या आणि तुझा राणीहार बँकेत का नाही ठेवत? तर म्हणे लॉकरला नंबर लागतो आणि भाडं पडतं. पिस्तूल, लेसर, गोळ्या, मैदानाची फी, यांना भाडं पडत नाही वाटतं!

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बरोबर बाळगायला परवाना लागत नाही. घरात ठेवायला तर आधीही लागत नव्हता. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी चपला झिजवाव्या लागतात, म्हणून मराठी माणसाला इथे आल्यावर एकदम मोकळं वाटत असेल. मी त्यात पडत नाही. त्यांचा देश, त्यांचा कायदा, आणि जावई आता त्या देशाचे नागरिक. पिस्तूल ठेवू नका असंही मी म्हटलेलं नाही, ते ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे. माझं भांडण त्या मान डोलावण्याशी आहे. ज्याने आपल्या घरातल्या माणसावर जवळजवळ नेम धरला होता, त्याने "दाबायचं" या शब्दाला मान डोलवावी, आणि तीही समोर पाच-सहा सुना बसल्या असताना? त्यातली एक परवा लेकीला विचारत होती, कुठून घेतलं म्हणून.

तिला मी फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, पण मला एकटीला रात्री भीती वाटते हो." नवरा महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. यावर मी काय बोलणार? भीती खरी आहे. मी तिला आधी चांगली झगझगीत बॅटरी घे म्हटलं, हातातली, पिस्तुलाला न जोडलेली. कारण पिस्तुलाला जोडलेल्या बॅटरीने कुणाचं तोंड बघायचं तर नळीही त्याच्या तोंडावरच जाते. आणि अंगणात हालचाल झाली की लागणारे दिवे लाव. मग शिकायचं असेल तर लेसर बंद ठेवून शीक, सहा महिने. ती "बरं" म्हणाली. ते "बरं" ज्या सुरात होतं तो सूर मी पस्तीस वर्षं वर्गात ऐकलेला आहे.

जावयांनी पिस्तूल आता बोटांच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत ठेवलं आहे. स्वयंपाकघरात माणूस शिरला की आपोआप लागणारा एक छोटा दिवा बसवला आहे, नातवाचा पलंग लेकीने समोरच्या भिंतीला हलवला, कारण विचारलं तर "उजेड चांगला येतो" म्हणाली. लेसर तेवढं अजून त्या पिस्तुलावरच आहे. पहाटे जाग आली की मी खोलीतूनच दोनदा मोठ्याने खोकते, आणि मगच चहाला जाते.

— तुमची बाई
(ह्यूस्टन मुक्कामी, मार्चपर्यंत)